वीस जानेवारीचा फोटो

मालनताईंच्या शेजारी राहून मला चाळीस वर्षं झाली. त्यांचा राग भडकत नाही, मुरतो. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांची देठं खुडण्यात त्यांचा जन्म गेला. त्याच कमाईवर त्यांनी आईविना वाढलेल्या दिराला, दीपकला, शिकवलं, सरकारी नोकरीला लावलं. चाळ पाडून टॉवर होणार म्हटल्यावर याच दिराने कोर्टात दावा लावला की वहिनी कायमची गावी गेली, खोली बंद असते, ती माझ्या नावावर करा. मेल्याला लाज वाटली नाही.

पुरावा म्हणून त्याने मोबाइलवरचा फोटो दिला. मालनताईंच्या दाराला कुलूप, तारीख वीस जानेवारी. त्यांची वकील स्पृहा म्हणाली, मोबाइलवरच्या फोटोला तो खरा असल्याचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं, ते जोडलेलंच नाही, हरकत घेऊन तो बाद करते.

मालनताईंनी फोटो माझ्यापुढे धरला. कोपऱ्यात माझा उंबरा, आणि त्यावर तेरड्याची जुडी. आमच्याकडे तेरड्याचीच गौर. भाद्रपदात ती उंबऱ्यावर ठेवायची, पाणी घालून घरात घ्यायची. जानेवारीत तेरडा येईल कुठून? मालनताई गणपतीला गावी गेल्या असताना हा येऊन गेला होता. गणपतीत कोकणातल्या माणसाच्या दाराला कुलूप असतंच, म्हणून फोनमधली तारीख मागे नेऊन याने फोटो काढला.

मी म्हटलं, लगेच दाखवू.

"नको," त्या म्हणाल्या. "आधी त्याला सही करू दे."

हरकत घेतली तर फोटो जाईल आणि हा मोकळा सुटेल, हे सातवी शिकलेल्या बाईला वकिलाआधी कळलं.

स्पृहाने हरकत घेतली नाही. पुढच्या तारखेला दीपकने सही करून प्रमाणपत्र आणलं. फोटो मीच काढला, वीस जानेवारीलाच, असं शपथेवर सांगितलं. मग स्पृहाने उंबऱ्यावर काय आहे ते विचारलं. न्यायाधीशबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"तेरडा. जानेवारीत?"

दीपकचा चेहरा पाहून माझं पोट भरलं, खोटं कशाला बोलू.

दावा फेटाळला गेला. मालनताईंना तेवढ्याने पुरणार नव्हतं. खोट्या पुराव्याबद्दल त्याच्यावर खटला भरावा, असा अर्ज त्यांनी तयार करून घेतला. रविवारी दीपक त्यांच्या दारात आला. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, नोकरी जाईल, पेन्शन जाईल, म्हणून हात जोडून रडला.

"ह्या खोलीत कोण रवत नाय, असा तूच कोर्टात शपथेवर सांगितलंस ना?" मालनताई म्हणाल्या. "मग हात कोणाक जोडतंस?"

त्यांनी दार लावून घेतलं. सोमवारी अर्ज दाखल झाला.