भाऊजींचा कॉम्प्युटर हळू का चालतो

माणूस मेल्यावर कुठे जातो याबद्दल शास्त्रात काहीही लिहिलेले असो, आमच्या तालुक्यातला माणूस आधी आमच्या भाऊजींच्या कॉम्प्युटरात जातो. तिथे त्याला कोट मिळतो, टाय मिळतो, गालावरचे डाग जातात, हयातीत कधी नव्हते इतके केस येतात आणि मग तेरवीच्या आदल्या दिवशी तो फ्रेममध्ये बसून घरी परत जातो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रिसोडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे, सगळेच फोटो ते काढतात, पण त्यांचा खरा जीव गेलेल्या माणसांत. जिवंत माणूस समोर स्टुलावर बसला की ते वैतागतात. "हा हालते लेकाचा," म्हणतात. मेलेला माणूस हालत नाही, घाई करत नाही आणि आपण यात जाड दिसतो अशी तक्रार करत नाही, म्हणून भाऊजी त्याच्यावर मन लावून काम करतात.

फोटोतल्या माणसाचे दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, हा त्यांचा दंडक. केनवडचा एक म्हातारा वारला. त्याचा आयुष्यातला एकुलता एक फोटो कुणाच्या तरी लग्नातला, पंगतीत बसलेला, आणि डावा कान नेमका वाढप्याच्या बादलीआड गेलेला. दुसरा एखादा म्हणाला असता, चालते. भाऊजींनी म्हाताऱ्याच्या मुलाला स्टुलावर बसवले, त्याच्या डाव्या कानाचा फोटो काढला आणि तो कान बापाला लावला. मी हसलो तर म्हणाले, "हसतं काय? कान बापाचाच असते, पोराकडे नुसता ठेवेल असते." तेरवीच्या दिवशी म्हाताऱ्याची सून फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली आणि भर पंगतीत म्हणाली, "मामंजीच्या कानाले भोक कवा होतं?" नवऱ्याच्या कानातले बाळीचे भोक सासऱ्याच्या कानात गेले होते! भाऊजी ओशाळले. भोक बुजवून देतो म्हणाले. पण म्हाताऱ्याच्या बायकोने फोटो सोडला नाही. "राहू द्या," ती म्हणाली, "पोराचा कान टोचाले हेच घेऊन गेले होते." भाऊजी तिथून जेवून परतले आणि पुढे कित्येक दिवस ही हकीकत जो भेटेल त्याला सांगत होते.

अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात त्याच्या बायकोचा फोटो नव्हता. ताई जाऊन वर्ष होत आले होते. तेरवीला पाटावर तिची साडी घडी करून ठेवली आणि समोर दिवा लावून भागवले. भाऊजी म्हणाले, घाई नको, नीट करतो. त्यानंतर स्टुडिओत नवा प्रिंटर आला, तो बसवणाऱ्या माणसाने जाताजाता फोटोचे सॉफ्टवेअरही नवे टाकून दिले, आणि तेव्हापासून ताईच्या फोटोचा विषय काढला की भाऊजी एकच सांगत : अपग्रेड केल्यापासून सगळे हळू झाले आहे. पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, वर्षश्राद्धाला तरी आईचा फोटो पाहिजे. मी म्हटलं, दुसऱ्या स्टुडिओत करून घेऊ, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत." मी वाशीमच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. त्यामुळे अख्ख्या गणगोतातले बिघडलेले मोबाइल आणि रुसलेले प्रिंटर माझ्याच पदरात पडतात. एस.टी. धरून रिसोडला गेलो आणि भाऊजींना विचारले, बाहेरून करून घ्यायला काय हरकत होती? ते म्हणाले, "हलवायाच्या घरी लगन, अन् बुंदी बाहेरून आनता?"

मी पोचण्याआधी भाऊजींचे त्यांच्या परीने इलाज करून झाले होते. सोयाबीनचा हंगाम, हवेत भुसा, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर ओला टॉवेल टाकला होता. मग तो गरम होतो म्हणून टॉवेल काढून टेबल फॅन लावला. मग फॅनमुळे व्होल्टेज कमी पडते म्हणून फॅन बंद केला आणि डब्याचे तोंड पूर्वेकडे फिरवले. पडद्यावर निळी चकरी फिरू लागली की ते हात जोडून नव्हे, पण जवळपास त्याच भावाने तिच्यासमोर बसत. मी माऊस आपटला तर माझ्यावर ओरडले, "हळू! नवं व्हर्जन म्हंजे शहरातून आलेली सून असते. तिले रुळाले येळ द्या लागते." सुनेला येऊन सहा महिने झाले होते आणि ती अजून एक पासपोर्ट फोटो उघडायला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ घेत होती.

मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. डिस्क नाकापर्यंत भरलेली होती. या सॉफ्टवेअरला काम करताना हातपाय पसरायला मोकळी जागा लागते, म्हणून लग्नांचे जुने व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर हलवले. नवे व्हर्जन ग्राफिक्स कार्डावर भार टाकते आणि भाऊजींचे कार्ड त्यांच्याइतकेच जुने, म्हणून तो पर्याय बंद केला. लग्नपत्रिकांसाठी जमवलेले नाना तऱ्हेचे फॉन्ट काढले. मग दिसले की, चूक झाली तर किती पायऱ्या मागे जाता यावे याचा आकडा भाऊजींनी जाईल तेवढा वर नेऊन ठेवला होता. मशीन बिचारे प्रत्येक पायरी लक्षात ठेवून दमत होते. मी विचारले, "इतकं मागं कोण जातं भाऊजी?" ते म्हणाले, "जात नाई कोनी. पन जाता आलं पायजे." मी आकडा खाली आणला. त्यांना ते आवडले नाही.

एवढे करूनही चकरी थांबेना. मग माझ्या लक्षात आले की भाऊजी नेहमी एकच फाइल उघडतात. तिचे नाव 'कोट'. या फाइलीत एक काळा कोट आणि एक हिरवा शालू होता, अनेक वर्षांपूर्वी मोठ्या मेहनतीने तयार केलेला. भाऊजी काय करत, तर गेलेल्या माणसाचा चेहरा त्या कोटाखाली आणून चिकटवत, प्रिंट काढत आणि पुढचे गिऱ्हाईक आले की आधीचा चेहरा नुसता लपवून ठेवत. काढून टाकत नसत. असे एकाखाली एक, थरावर थर. जुन्या व्हर्जनने हे मुकाट्याने सोसले होते. नवे व्हर्जन मात्र फाइल उघडताना प्रत्येकाची विचारपूस करत होते. एका कोटात सगळा तालुका दाटीवाटीने बसला होता आणि मी विचारत होतो, गाडी हळू का चालते! मला इतके हसू आले की भाऊजींनी उठून पाणी आणले. मग मी त्यांना नीट समजावले आणि म्हटले, हे सगळे आता पुसून टाकू, प्रिंट ज्याच्या त्याच्या घरी आहेत. भाऊजींचा चेहरा उतरला. "पुसाले हात कसा होइन, बाप्पा? त्याइले दुसऱ्यांदा मारल्यासारखं होते." शेवटी तोड निघाली. एकेक चेहरा वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचा आणि मग कोटातून काढायचा. दुपारभर आम्ही तेच केले. भाऊजी प्रत्येकाला ओळखत होते. हा किन्हीराजाचा, याची मिशी दोनदा बदलली. ही बाई लय गोड गायची. याच्या पोराइचं अजून भांडन मिटलं नाई.

चेहरे संपले तरी खाली पुष्कळ थर उरले होते. त्यांची नावे 'टेस्ट', पुन्हा 'टेस्ट', पुन्हा 'टेस्ट'. आमच्या धंद्यात या नावाचे जे काही असते ते कचरा असते, हे कुणीही सांगेल. मी सगळे एकदम निवडले आणि पुसायला बोट उचलले, तर भाऊजींनी माझे मनगट धरले. "थे नको," म्हणाले. आवाज इतका बारीक की मी वळून पाहिले. ते पडद्याकडे पाहत नव्हते. मी एक थर उघडला आणि समोर माझी ताई आली.

कोट नीट बसतो का, शालूची किनार खांद्यावर बरोबर येते का, मागचा नवा पडदा कसा दिसतो, हे कुणावर तरी करून पाहावे लागते. दुपारी डबा घेऊन येणारी ताई हाताशी असे. तिला स्टुलावर बसवून भाऊजी चटकन एक फोटो काढत. एकात ताईला कोट आणि टाय होता, वर मिशीसुद्धा. एकात मोत्यांचा हार. कुठे केस काळे, कुठे कानापाशी पांढरे होत आलेले, कुठे सगळेच पांढरे. एकाही फोटोत ती स्वतःच्या फोटोसाठी बसलेली नव्हती. बाकी ती कुठल्या फोटोत असणार? लग्नाकार्यात ती कायम भाऊजींच्या मागे लाइटची छत्री धरून उभी असे. आमच्या घरच्या लग्नांतसुद्धा ताई कुठल्याच फोटोत नाही. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही.

ताईचे थर वेगळ्या फाइलीत ठेवले आणि 'कोट' बंद करून पुन्हा उघडला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो समोर हजर. चकरी नाही, काही नाही. मी म्हणालो, "भाऊजी, झालं. आता ताईचा करा." त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "कोनती करू? एक लावली का तीच खरी होते, बाकीच्या जातेत. मी पाह्यलं ना इतक्या वर्षात. घरचे लोक रोज फोटो पाह्यतेत, अन् मंग त्याइले मानूस तसाच आठवते. मी बनवेल तसा." सहा महिने सॉफ्टवेअर खरेच हळू होते, यात खोटे काही नव्हते. पण ते तसे होते याचे भाऊजींना किती बरे वाटत असेल, हे मला तेव्हा कळले. मी जास्त आग्रह केला नाही आणि शेवटच्या गाडीने परत आलो.

वर्षश्राद्धाला फोटो होता. पाटावर ठेवलेला, मोठा, चांगल्या फ्रेममधला. शालू नव्हता, हार चिकटवलेला नव्हता, एकही सुरकुती पुसलेली नव्हती. ताई घरच्या सुती साडीत होती, तोंड अर्धवट उघडे, एक हात वर येता येता हलल्यामुळे पुसट झालेला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तालुक्यातल्या प्रत्येकाचे केस विंचरून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोचा हा असला फोटो लावावा! भाचीने बापाला बाजूला घेऊन हळूच म्हटले, "बाबा, यात आई काहीतरी बोलते आहे. तोंड उघडं आहे तिचं."

"हो," भाऊजी म्हणाले. "काय बोलून राह्यली होती थेच आठवत नाई मले. म्हून हाच लावला. रोज पाह्यलं तं आठवन कवातरी."

भाचीने आणलेला फुलांचा हार आईच्या तोंडावर येणार नाही असा जरा खाली सरकवून घातला.

परवा रिसोडला गेलो होतो. कॉम्प्युटर छान चालतो आहे. चहा झाल्यावर आम्ही दोघे फोटोसमोर बसलो आणि मी विचारले, "आठवलं का?"

"नाई," भाऊजी म्हणाले. "पन मलेच म्हनत होती, एवढं पक्कं हाय."