दोन थरांचं कवच

सोनपेठच्या स्टँडवर परभणीच्या गाडीची वाट पाहत होतो, तेवढ्यात लताचा फोन आला. "भाऊजी, हे गेले हो..." एवढंच. मुकुंद जाणार हे महिनाभर ठाऊक होतं, तरी गाडी लागल्यावर मला चढताच आलं नाही. पुढच्या गाडीनं गेलो.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. मी मराठी शिकवायचो, तो भूगर्भशास्त्र. आमच्याकडच्या काळ्या दगडात डायनासोरची अंडी मिळत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात तो नर्मदेच्या खोऱ्यात जायचा आणि पिशवीभर तुकडे घेऊन यायचा. अंडं कुणाचं, हे आत पिल्लू असलं तरच ठामपणे सांगता येतं, आणि पिल्लू जवळजवळ कधीच नसतं. म्हणून अंड्यांची जात लावायची ती कवचावरून. तुकडा दगडासकट कापायचा, काचपट्टीवर चिकटवून उजेड आरपार जाईल इतका घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं : स्फटिक पंख्यासारखे उलगडलेत का, छिद्रं सरळ आहेत की वाकडी. धूळ बाहेरच्या वाळवणावर बसू नये म्हणून घराच्या मागच्या खोलीत, खिडकी लावून, तो वर्षानुवर्षं हे करत राहिला.

एका कवचाला दोन थर निघाले. ते कुठल्याच जातीत बसेना, म्हणून त्यानं नवी जात मांडली. ती मान्य झाली. कॉलेजात सत्कार झाला, झरीहून त्याची आई आली. पुढे खूप वर्षांनी, खोकला सुरू झाल्यावर, त्याच जागच्या दुसऱ्या अंड्याचा काप त्यानं पाहिला. अर्ध्या भागात एकच थर, साधा, ओळखीचा. उरलेल्या भागावर दुसरं कवच चढलेलं. नवी जात नव्हतीच. अंडं आईच्या पोटात अडकलं होतं आणि शरीर त्यावर पुन्हा कवच चढवत राहिलं होतं.

"आजारी अंडं होतं रे ते," तो म्हणाला. "मी त्याला जात दिली."

"राहू दे ना. आता कोण विचारतंय?"

"उद्या कुणीतरी त्याच्यावरच पुढचं रचेल."

त्यानं स्वतःच लेख छापून ती जात मागे घेतली. त्याच्या नावावर तेवढी एकच गोष्ट होती...

एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, "खडी क्रशरवर होता का?"

"नाही हो, अंड्यांवर," मुकुंद म्हणाला आणि हसता हसता इतका खोकला की लतानं तोंड फिरवलं.

शेवटी आई उशाशीच बसून असायची. "दगडाचं पीठ खाल्लं माझ्या लेकरानं," ती मला म्हणाली. "आन् आमाला वाटायचं, लय शिकायलाय."

गेल्या आठवड्यात लतानं ती मागची खोली उघडली. सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी तशीच होती. "तुम्ही बघा," ती म्हणाली. मी डोळा लावला. सगळं धूसर. मुकुंद चष्मा काढून बघायचा. भिंग त्याच्या नजरेला लावलेलं होतं. बाजूची चकती जराशी फिरवली असती, तर मला दिसलं असतं. हात तिथवर नेला...

"दिसलं का?" लतानं विचारलं.

"हो," म्हणालो आणि हात मागे घेतला.