लाल दोरा, पांढरा दोरा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर मी एकदा सूड उगवला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की तो उगवायला मी दोन वर्षं लावली. विशीतली मी म्हणजे भारी शहाणी: नाकावर राग, आणि घरात जावई आला की तोंडाला कुलूप.

आमचं घर विणकरांचं. वडील मागावर बसत. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणं आईकडे आणि माझ्याकडे. एका हाताने चरखा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून सूत सोडायचं. किती ओढलं तर तुटेल हे बोटांनाच कळतं. भाऊजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. एक दिवस तिथे ऑर्केस्ट्रातला एक गिटारवाला मुकी गिटार घेऊन आला. या विजेवरच्या गिटारीत तारांखाली एक चपटी डबी असते, पिकअप म्हणतात तिला. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज हलते, आणि तीच पुढे मोठी होऊन भोंग्यातून ऐकू येते. डबीतली तार तुटली की गिटार म्हणजे नुसतं लाकूड.

भाऊजींनी दोनदा वेढे घातले आणि दोनदा तार तोडली. मग मागच्या दाराने माझ्याकडे आले. "काय वं, सुतासारखी ही तार भरून देशील का?"

मी भरली. शंभर वेढे झाले की एक चिंचोका बाजूला, असं मोजत. पण अर्धवट भरलेली कांडी ही आमच्याकडे लाजेची गोष्ट, म्हणून मी तारेची ती गुंडाळी, म्हणजे कॉइलसुद्धा, टम्म फुगेपर्यंत भरली. गिटार वाजली तर आवाज मोठा, पण तोंडात भात धरून गाणाऱ्यासारखा. तेव्हा कळलं की इथे पोट भरायचं नसतं. वेढे जास्त झाले तर आवाज जाड आणि बोदा, कमी केले तर स्वच्छ. मी बरेच चिंचोके परत घेतले, तेवढे वेढे उलगडले. मग ती गिटार अशी बोलली, की काशाच्या वाटीवर नख मारावं.

गिटारवाला खूश झाला. भाऊजींनी आपली पडवळासारखी बोटं त्याच्यापुढे नाचवली आणि म्हणाले, हात बसावा लागतो साहेब. मी तिथेच चहाची कपबशी घेऊन उभी होते. मी काय केलं असेल? दुसरा कप आणला.

दोन वर्षं हे चाललं. पार कामठीपासून गिटारी यायच्या. तार मी भरायची, नाव भाऊजींचं. आईकडे एकदा कुरकुर केली तर ती म्हणाली, "जवाई आहे तो. चारचौघांत त्याले खाली पाहायला लावशील काय?" आणि मी गाढव, दाराआडून त्यांची स्तुती ऐकून मनातल्या मनात फुलून यायची.

मग एक दिवस मी तोंड उघडलं. गिटारीवर दोन ठिकाणी पिकअप असतात. मानेजवळचा गोल बोलतो, कारण तिथे तार मोठी हलते. घोडीजवळ, म्हणजे तारा जिथे टेकतात तिथे, ती जेमतेम हलते. म्हणून तिथला पिकअप चिरका आणि दुबळा. मी गिटारवाल्यासमोर म्हटलं, घोडीजवळच्या कॉइलला थोडे वेढे जास्त दिले तर? भाऊजी मोठ्याने हसले. "हिले सुरातलं काय समजते? सूत गुंडाळणारी पोरगी. जा, चहा आण."

आठ दिवसांनी घोडीजवळच्या कॉइलचं माझंच वाक्य, शब्दाला शब्द, त्यांनी दुसऱ्या एका गिटारवाल्याला स्वतःचं म्हणून ऐकवलं. त्या दिवशी मी ठरवलं: याच्याच तोंडून, चारचौघांत, वदवून घ्यायचं की तार मी भरते.

गणपती जवळ आले होते, मांडवात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. एका कॉइलच्या पिकअपचं एक दुखणं असतं. ट्यूबलाइट जवळ आली की तो माशीसारखा गुणगुणतो, आणि मांडवात तर ट्यूबलाइटच ट्यूबलाइट. आमच्या गिटारवाल्याला गुणगुण नको होती. त्यावर उपाय दोन कॉइलचा पिकअप, आणि त्याची युक्ती मला भाऊजींनीच फुशारकीत समजावली होती. दोन्ही कॉइल सारख्या भरायच्या, पण चुंबकाची तोंडं उलटसुलट ठेवायची. गुणगुण बाहेरून येते, ती दोघींत सारखीच शिरते. तारेचा आवाज चुंबकामुळे येतो, तो एकीत सुलटा, दुसरीत उलटा. मग दोघींची शेवटची टोकं एकमेकींना जोडली की गुणगुण गुणगुणीला खाते आणि आवाजाची बेरीज होते. तो आवाजही वेगळा, भरदार, तुपात बुडवलेला. जोडणी चुकली तर सगळं उलटं: आवाज आवाजाला खातो आणि गुणगुण दुप्पट.

वेढ्यांचं पहिलं टोक कोणतं आणि शेवटचं कोणतं, हे कॉइल भरून झाल्यावर बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून मी पहिल्याला लाल दोरा बांधायची, शेवटच्याला पांढरा. भाऊजी दोरे बघून टोकं जोडायचे आणि कथलाचा डाग द्यायचे. त्या खेपेला मी एका कॉइलचे दोरे आपसात बदलले: पहिल्याला पांढरा, शेवटच्याला लाल. बस, एवढंच.

आणि दोन्ही कॉइल दिल्या त्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, डोकं दुखल्याचं सोंग करून. भाऊजींनी घाईघाईने पांढऱ्याला पांढरा जोडला आणि पिकअपवर स्क्रूड्रायव्हर आपटून पाहिला. टक्क आवाज आला. एका जागी आपटलं की एकच कॉइल बोलते, भांडण कळत नाही. बारीक गुणगुण होती, पण त्यांच्या दुकानात काय गुणगुणत नव्हतं?

पाच वाजता आमच्याच गल्लीतल्या मांडवात आवाजाची चाचणी. बाया सतरंज्या धरून बसल्या होत्या. ट्यूबलाइट लागल्या, गिटारवाल्याने तारेला हात घातला. डब्यात कोंडलेल्या मच्छरासारखा किरटा आवाज, आणि त्यावर मधमाशांचं अख्खं पोळं. पोरं हसली. गिटारवाल्याने सगळ्यांदेखत भाऊजींना विचारलं, हे काय केलंत?

मी मनात भाषण पाठ करून आले होते. ते करायची वेळच आली नाही. भाऊजींनी घाम पुसला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मी कुठं केलं? तार तर ही भरते. आमची साळी. हिनंच घोळ घातला."

दोन वर्षांत पहिल्यांदा माझं नाव निघालं, ते चूक माझ्या गळ्यात मारायला. आणि ती विशीतली वेडी तेवढ्यानेही हरखली, कॉलर असती तर ताठ केली असती.

गिटारवाला माझ्याकडे वळला. "मग आधीच्या?"

"त्याही मीच," मी म्हणाले. "विचारा भाऊजीले."

भाऊजींना आता मागे फिरता येईना. ही कॉइल मी भरली म्हणावं तर आधीच्या सगळ्याही मीच भरलेल्या. ते सतरंजीकडे बघत राहिले. आई कपाळाला हात लावून बसली.

मग तिथेच, स्टेजच्या पायरीवर, पिकअप उघडला. डाग देणारे भाऊजी, सांगणारी मी. हा सोडा. त्याच्या जागी लाल घ्या. नाही भाऊजी, तो नाही, दुसरा लाल. कोणताही लाल चालला असता, दुसरा मी उगाच सांगितला होता. त्यांना एकदा जास्त वाकायला लागावं म्हणून.

गिटार पुन्हा वाजली तेव्हा पोळं उडून गेलं होतं.

बहीण दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दोरे मी मुद्दाम बदलले हे मी कुणालाच सांगितलं नाही; भाऊजींना मरेपर्यंत ती माझी चूकच वाटली. तेवढी एक गोष्ट मला अजून टोचते. चूक कसली, भाऊजी? इतकं मोजून मापून काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.