एप्रिलची छाटणी

आमच्या आत्याला डोंगरावरून बाबांनी हाकललं, असं आमच्या घरात अजूनही बोललं जातं. बोलू देत. बाबा बिचारे नुसते तापट होते. नीचपणा केला तो मी. तेव्हा मी एकोणीस वर्षांची घोडी होते, म्हणजे कळत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही घाटकोपरला दीड खोलीत राहत होतो. वर्षभर बाबा खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आपली बाग परत उभी करू या." आई म्हणाली, "आधी स्वतः उभे राहा." पण बाबा खरंच उठले.

बाग होती मुलुंडच्या डोंगराच्या उतारावर. फार वर्षांपूर्वी एका पारशाने तिथे द्राक्षं लावली होती, दगडी खांबांवर मांडव घातला होता. घरच्यापुरती वाईनही करायचा म्हणे. आजोबा त्याचे माळी. पारशाच्या मागे कुणी नव्हतं, त्याने जाताना जागा आजोबांच्या नावावर केली. आजोबा गेले आणि तिथे रान माजलं. वर एकटी आत्या उरली. ही बाबांची थोरली बहीण, नवऱ्याने टाकलेली. टाकण्याआधी त्याने तिचा डावा कान फोडून ठेवला होता. तिच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला जाऊन बसावं लागे. "चांगल्या कानात सांग गो," असं म्हणायची. त्या रानात तिने एक शेळी आणि बारा वेल जगवले होते. अकरा मांडवावर, बारावा चुलीमागे, मोरीच्या पाण्यावर.

दर रविवारी बाबा आम्हाला वर न्यायला लागले. रान तोडलं, पडलेले खांब उभे केले, तारा ओढल्या. बाबांच्या हाताला फोड आले आणि तोंडावर हसू आलं. आई खुश, आत्या तर काय, भाकऱ्या थापता थापता गाणी म्हणायची. मग एक दिवस मांडवाखाली जेवताना बाबा म्हणाले, "यंदा फळ धरलं ना, की घाटकोपरची खोली सोडायची. सगळ्यांनी इथेच राहायचं."

मी हातातला घास ताटात ठेवला. वर वीज नाही, नळ नाही, संडासला डबा घेऊन झाडीत जायचं, वर साप. माझा टायपिंगचा क्लास, माझ्या मैत्रिणी, सगळं खाली. आणि समोरच्या इमारतीत एक मुलगा होता. होता म्हणजे काय, नुसता बघायचा. पण बघायचा ना! मी मनात म्हटलं, जळो ती बाग.

आमच्या घरात वेलाच्या कात्रीचं एक खूळ होतं. दसऱ्याला आजोबांच्या कात्रीची पूजा करायची आणि मग घरातल्या कर्त्या पुरुषाने छाटणी करायची. टाकलेल्या बाईने वेलाला कात्री लावायची नाही, लावली तर वेल वांझ होतो. हे आजीने सांगून ठेवलेलं. मग इतकी वर्षं हे बारा वेल छाटले कोणी, हा प्रश्न बाबांना कधी पडला नाही. मला पडला. आत्या डोळा मारून म्हणाली, "कात्री लावू नको म्हणान सांगल्यानी. कोयत्याचा खय कोण काय बोललो?" मी पोट धरून हसले होते तेव्हा.

त्या वर्षी दसऱ्यानंतर बाबांनी कात्री हातात घेतली. वेलाच्या काडीवर जिथून फूट येते त्याला डोळा म्हणतात. बाबा प्रत्येक काडी बुडाशी दोन डोळे ठेवून उडवायला लागले. आत्या धावत आली. "अरे, अशी नको! सात-आठ डोळे राख. फळ वरच्या डोळ्यात असता."

"मला शिकवू नकोस, आक्का. मी लहानपणापासून बघितलंय. आपले बाबा दोनच डोळे ठेवायचे."

आत्याने कपाळावर हात मारला. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. बाबा लहानपणी परळला काकांकडे राहून शिकले. डोंगरावर यायचे ते फक्त एप्रिलात, परीक्षा संपली की. एप्रिलात वेल असेच दोन डोळ्यांवर खरडून काढतात, कारण तेव्हा नुसत्या नव्या काड्या हव्या असतात. फळासाठीची छाटणी दसऱ्यानंतरची, आणि ती लांब ठेवायची. ती बाबांनी जन्मात पाहिली नव्हती.

"माझा आयकाचो नाय तो. तू सांग. तुझा आयकतलो," आत्या म्हणाली.

खरंच ऐकलं असतं. बाबांचा माझ्यावर फार जीव. मी "सांगते" म्हटलं, मांडवाखाली गेले आणि म्हणाले, "बाबा, ही काडी लांब राहिली बघा. आजोबा दोनच डोळे ठेवायचे ना?"

"हे बघ, पोरीला कळतं!" बाबा आत्याला ऐकू जाईल असं ओरडले. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा वेल बोडके झाले.

महिन्याभरात पालवी आली. हिरवीगार, झकास. पानं, पानं आणि पानं. घड एकही नाही. बाबा प्रत्येक फूट उलटीपालटी करून बघायचे. नाताळ आला तरी बघतच होते. हसू कुठल्या कुठे गेलं. मग एका रविवारी आत्यावर उखडले. "तू हात लावलास! माझ्यामागे कात्री चालवलीस! खरं निघालं तर कुडाळच्या गाडीत बसवीन, दिराच्या दारात नेऊन टाकीन."

तो दीर नवऱ्याच्या वरताण होता. आत्या मांडवाचा खांब धरून खाली बसली. "मरान, पण थंय जावचंय नाय," एवढंच म्हणत राहिली.

पुढच्या शनिवारी मी एकटीच वर गेले होते. आत्याने मला हाताला धरून चुलीमागे नेलं. बारावा वेल. बाबांच्या नजरेतून सुटलेला, तिने कोयत्याने छाटलेला, सात-सात डोळे ठेवून. सहा घड लोंबत होते. हिरवे, टणक, गोटीएवढे मणी.

"उद्या बापाशीक हय घेऊन ये," ती म्हणाली. किती खुश झाली होती! "माझ्या हातान वेल वांझ होता काय, बघू दे त्याका. मगे पुढच्या वर्षाक सगळे मीच छाटतंय."

पुढच्या वर्षी. म्हणजे पुढच्या वर्षी बारा वेलांना फळ, आणि आम्ही सगळे डोंगरावर.

मी रात्री तिथेच राहिले. सकाळी आत्या पाणी आणायला झऱ्यावर गेली. मी कात्री घेतली, सहाही घड कापले आणि शेळीपुढे टाकले. शेळीने मिटक्या मारत खाल्ले. एक मणी मीही तोंडात टाकून बघितला. आंबटढाण होता.

बाबा आले तशी आत्या त्यांचा हात धरून चुलीमागे गेली. मी मांडवाखालीच थांबले. मग बाबा बाहेर आले, त्यांच्या हातात ताज्या कापाची काडी होती. कात्रीचा काप कोयत्यासारखा फाटत नाही, तेवढं त्यांनाही कळायचं.

"तू काल इथे होतीस. हिने कात्री घेतली होती? खरं सांग."

आत्या त्यांच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला अजून वाटत होतं, मी सांगेन.

"हो," मी म्हटलं.

बाग त्याच वर्षी विकली गेली, आता तिथे सात मजली बिल्डिंग आहे. आम्ही घाटकोपरलाच राहिलो. समोरच्या मुलाने त्या मे महिन्यात दुसरीशी लग्न केलं. आत्या दिराकडे तिसऱ्या पावसाळ्यात वारली, आम्हाला पत्र आलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

तिला गाडीत बसवायला बाबांबरोबर मी गेले होते. बाबा तिकीट काढायला गेले तेव्हा मी खिडकीखाली उभी राहिले. म्हटलं, आता सांगते. देवाशपथ, सांगणार होते. "आत्या," मी म्हटलं, "आत्या, ऐक ना."

तिने माझ्याकडे बघितलं, मग सीटवर सरकून बसली, तोंड फिरवलं आणि डावा कान माझ्याकडे केला.