खांद्यावरचा धागा

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टीव्हीवर एक छोटी नाटिका लागली. मी, माझा नवरा श्रीधर आणि जेवायला आलेली माझी कॉलेजपासूनची मैत्रीण नीला, तिघं बघत बसलो. नाटिकेत नवरा, बायको आणि बायकोची मैत्रीण. मनातलं कुणीच बोलत नव्हतं. एका प्रसंगात ती मैत्रीण त्याच्या खांद्यावरचा धागा अगदी सहज उचलते आणि बायको नुसती बघत राहते.

"एवढ्यावरून कळलं हिला?" मी हसत म्हटलं.

दोघांपैकी कुणीच हसलं नाही. श्रीधर पाणी प्यायला आत गेला. नीला ओढणी सारखी करत उठली.

"निघते गं मी."

"अगं, संपू तर दे."

"नको, उशीर होतोय."

माझ्याकडे न बघताच तिनं चपला घातल्या. माणसं खोटं बोलतात तेव्हा निदान आपल्याशी बोलतात तरी. ही दोघं एकाच वेळी गप्प झाली होती, आणि त्या गप्पपणात मला कुठेच जागा नव्हती.

श्रीधर बाहेर आला. मी टीव्ही बंद केला.

"कधीपासून?" मी विचारलं.

काय कधीपासून, असं त्यानं विचारलं नाही.