रानाची फौज

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईला सांगायचं म्हणत होते, पण ती गेली तेव्हाही ते माझ्या तोंडातच राहिलं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. आणि गजा पुस्तकं वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. बघा — सुरुवातच भित्रेपणानं झाली.

गोष्ट तशी खेळातली. मातीच्या सैनिकांची. एवढ्याशा गोष्टीचं एवढं ओझं, असं वाटेल तुम्हाला. मोठी झाले की या सगळ्याचं हसू येईल, असं मलाही वाटायचं. नाही आलं.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमचं गाव लाखनीहून बरंच आत. माझा चुलतभाऊ वसंतदादा नागपूरला होस्टेलात राहून शिकत होता. तिथं त्याच्या एका मित्राकडे परदेशातून आलेला खेळ होता — बोटाएवढे शिशाचे सैनिक, पण साध्या माणसांचे नव्हेत. राक्षसांचे, बुटक्यांचे, मेलेल्यांचे. दोघांनी समोरासमोर फौजा मांडायच्या, टेपनं मोजून पुढं सरकायचं, फासे टाकून लढायचं. दिवाळीत दादानं हे ओसरीवर बसून सांगितलं आणि मी नि शेजारचा गजा आ वासून ऐकत राहिलो. गजा माझ्याच वर्गातला. वर्गात तो फक्त हजेरीपुरता असायचा, बाकी वेळ त्याची बोटं खडूचे बैल कोरण्यात गुंतलेली.

“पण शिसं आणायचं कुठून?” दादा म्हणाला.

“बोडीत माती हाये ना,” गजा म्हणाला.

बोडी म्हणजे गावामागचं लहान तळं. होळीनंतर पाणी उतरलं की काठाची काळी चिकण माती उघडी पडते. गजानं ती आणली, मळली, तिच्यातून खेळातली पात्रं घडवली आणि उन्हात वाळवली. भाजली नाहीत — भट्टी कुठली त्याच्याकडे? रंगाला चुना, गेरू, काजळी आणि कपड्यांची नीळ.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा आला, तेव्हा गजानं आमच्या ओसरीवर फौजा मांडल्या. कसं सांगू? राक्षस होते, हातोडे घेतलेले बुटके होते, बांबूच्या काड्यांच्या हाडांचे मेलेले होते. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीच्या सावलीत — रानाची फौज. ती दादानं सांगितलेली नव्हती, ती गजाची स्वतःची. रानगव्याच्या डोक्याची माणसं. घुबडाच्या तोंडाच्या बाया. पाठीतून फांद्या फुटलेला एक म्हातारा. आणि पुढं वाघ, त्याच्यावर बसलेली एक मुलगी — तिचे डोळे मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांनी ती कुठं निघाली होती, कोण जाणे! मला वाटलं, आपण मोठ्यानं बोललो तर ती डोळे उघडेल.

दादा हळूच म्हणाला, “पहिली फौज जपून निवडा. जोरदार आहे म्हणून घेऊ नका. जिच्याकडे बघत राहावंसं वाटतं, ती घ्या.”

फासे टाकले. पहिली निवड माझी आली.

गजाला रानाची फौज हवी होती. हे मला कळलं नव्हतं असं म्हणता येईल का मला? त्यानं ती मुद्दाम मागे ठेवली होती, आणि मी पुढं वाकले तसं त्यानं राक्षसांना माझ्याकडे सरकवलं. सगळं दिसलं मला. तरी मी बोट वाघावर ठेवलं. गजा फक्त म्हणाला, “तुले बी तेच दिसलं ना?” आणि हसला. मेलेल्यांची फौज घेऊन समोर बसला.

पण थांबा. माझी चूक ही नाही. एवढंच असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

आम्ही रोज खेळू लागलो. आधी पोरं यायची बघायला, मग बाया, मग धानाचं बोलायला आलेली मोठी माणसंही ओसरीच्या पायरीवर उकिडवी बसू लागली. सगळे माझ्या फौजेकडे बघत आणि म्हणत, “काय हात हाये गजाचा!” माझे बाबासुद्धा. फौज माझी, मोजून पुढं सरकवणार मी, आणि कौतुक गजाचं! हे मला खुपत होतं. आतून ठसठसत होतं. मग एक दिवस दादा म्हणाला, मित्राचे वडील नागपुरात मूर्तिकला शिकवतात. ही रानाची फौज त्यांना दाखवायची, गजालाही न्यायचं. कदाचित ते त्याला हाताशी घेतील.

“आणि मी?” मी विचारलं. फौज माझी होती ना?

“एस.टी.त किती जणांना कोंबू?” दादा हसून म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र सगळं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. मातीची मूर्ती कोणीही करावी. पण एकदा तिला हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं, की ती मूर्ती राहत नाही, देव होते. मग तिला घरात कुठंही टाकता येत नाही, तिच्याशी खेळता येत नाही. तिला शिरवावं लागतं, म्हणजे पाण्यात सोडावं लागतं. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आता कळलं ना तुम्हाला?

जायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, घर झोपलेलं असताना, मी देव्हाऱ्यातला करंडा घेतला. एकेकाला कुंकू लावलं. गव्यांना, घुबडांना, म्हाताऱ्याला. शेवटी वाघावरच्या मुलीला. कण्हेरीची फुलं वाहिली, उदबत्ती लावली. हात पुसले आणि आईच्या कुशीत जाऊन डोळे मिटून पडले.

मोठी आई, म्हणजे दादाची आई, आधी उठली. तिची हाक ऐकून सगळे धावले.

“कोणं केली पूजा?”

कोणीच बोललं नाही. मीही नाही. तोंड उघडायला एवढासा वेळ लागला असता — आणि तो वेळ निघून गेला.

“आता शिरवा लागते बाप्पा,” मोठी आई म्हणाली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला.

मला वाटलं होतं, गजा रडेल. खरं सांगते, तो रडावा म्हणूनच मी ते केलं होतं. गजा आला, त्यानं चप्पल काढली. बराच वेळ बघत राहिला. मग आपल्याच हातांनी घडवलेल्या त्या फौजेपुढं त्यानं डोकं टेकलं. “माह्या हातचं कोणी पुजलं,” एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला तिकडं बघवेना.

अख्खी आळी बोडीवर आली. बायांनी गाणी म्हटली. गजा फौज परातीत घेऊन छातीएवढ्या पाण्यात गेला आणि एकेकाला सोडू लागला. गेरूनं पाणी लाल झालं, निळीनं निळं झालं. वाघावरची मुलगी त्यानं शेवटी दोन्ही हातांनी पाण्यात धरली, आणि ती विरघळेपर्यंत धरून ठेवली. काठावर सगळ्यांनी हात जोडले. मीही हात जोडले — अगदी मनापासून! ते कुंकू मीच लावलंय, हे त्या क्षणी मी विसरले होते. मला खरोखर देव जाताना दिसले.

दादा म्हणाला, बाकीच्या फौजा नेऊ. गजा नाही म्हणाला. “आता या हातानं खेळणं नाही करवत मले.” तो नागपूरला गेला नाही. वाघ, गवे, फांद्यांचा म्हातारा — त्यातलं त्यानं पुन्हा काहीच घडवलं नाही. आता लाखनीच्या रस्त्यावर त्याचं गणपतीचं दुकान आहे. मूर्ती साच्यातल्या असतात. ठीक असतात. एकाही मूर्तीकडे बघत राहावंसं वाटत नाही.

माझं सासर तुमसरचं. गणपतीच्या आधी माहेरी गेले की गजा बोलावणं धाडतो. दरवर्षीची पहिली मूर्ती तो स्वतःच्या घरासाठी ठेवतो आणि तिला पहिलं कुंकू माझ्याच हातचं लागतं. बायकोला, मुलांना तो दरवेळी तेच सांगतो — “इनंच तं निवडली होती ते फौज. ते देव हायेत, हे गावात सगळ्याच्या आधी इले दिसलं.” मग करंडा माझ्यापुढं धरतो.

मी कुंकू लावते. मागच्या वर्षीही लावलं.