नाक्याच्या अलीकडे

"बैल सोड."

नाकेदार खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. पाय लांब करून बसला होता आणि विडीच्या टोकाने चौकीचा खांब दाखवत होता. बैल तिथे बांधायचे.

माझा बाप गाडीपुढे उभा. हातात कासरा. त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"कशापायी, साहेब?"

"बैलगाडीला पट्टी आहे. माणसाने ओढलेल्या गाडीला नाही. तुला पट्टी खुपते ना? मग सोड बैल. तू ओढ. फुकट जा."

मागे गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

आम्ही गाडीत तिघी होतो. आय, माझी थोरली बहीण सोनी आणि मी. सोनीचं लग्न ठरलं होतं. तिला नेसायला लुगडं घ्यायला निघालो होतो. मी दहा-अकरा वर्षांची असेन. स्वराज्य आलं होतं. आमच्या शाळेत साखर वाटली होती, ती मी तळहातावर घेऊन खाल्ली होती. लांबून टाकलेली होती, पण साखर होती.

आमची वस्ती गोखिवऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. गावाबाहेर. आमची घरं कुठली, ते सांगायची गरज नसावी. गाव जिथे संपतं आणि उकिरडा सुरू होतो तिथली. माझा बाप एका सभेला जाऊन आला आणि त्याने गावातलं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. नुसतं सोडलं नाही, बैलजोडी घेतली. मिठागरावर राबून, गवत कापून, पोटाला चिमटा घेऊन घेतली. लोकांचं गवत, भात, मीठ वाहायला लागला. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायांना गाडीत घ्यायचा. आमच्या माणसाची गाडी रस्त्याच्या मधून चालते, हे पुष्कळांच्या डोळ्यांत खुपत होतं.

बाजार मोठ्या गावात. त्या गावात गाडी न्यायची तर वेशीवरच्या नाक्यावर पट्टी भरायची. नाका मक्त्याने दिलेला. मक्तेदार गावातलाच एक श्रीमंत माणूस, आणि त्याने बसवलेला हा नाकेदार. माझ्या बापाने कधी पट्टी चुकवली नाही. त्या दिवशीही पैसे काढून हातात धरले होते.

त्याचा गुन्हा एवढाच. आमच्या पुढे एक टांगा आला. बागायतदाराचा. केळीच्या, फुलांच्या बागा असलेला माणूस. नाकेदाराने रस्त्यावरचा आडवा बांबू वर केला, नमस्कार केला, टांगा गेला. माझ्या बापाने विचारलं, "त्येंची पट्टी नाय का हो?"

आवाज चढवून नाही. सहज विचारलं.

त्यावर हे आलं. "बैल सोड."

बाप म्हणाला, "चुकलं साहेब. हे घ्या पैसे."

"पैसे नकोत. आता नियमाने जायचं." मग नाकेदार रांगेकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. तो शब्द मी अजून जसाच्या तसा सांगू शकते.

"ढोर ओढायचं सोडलंस ना? आता गाडी ओढ."

गाडी वळवायला जागा नव्हती. मागे गाड्या, बाजूला चर. मागच्या गाडीवाल्याला बाप म्हणाला, "जरा मागं घेतोस का, भाऊ?" तो दुसरीकडे बघायला लागला. त्याचीही रोजची वाट याच नाक्यावरून. त्याला तरी काय बोलू.

बापाने बैल सोडले. खांबाला बांधले. जू दोन्ही हातांनी उचललं आणि छातीला लावलं.

आय खाली उतरायला लागली. नाकेदार ओरडला, "बसून राहायचं! बाजाराला निघालात ना? बसा थाटात!" आय तरी एक पाय खाली टाकत होती. नाक्यावरच्या शिपायाने काठी आडवी धरली. ती परत बसली.

आम्ही मागे बसलो होतो म्हणून गाडी उलाळ झाली, मागे कलली. जू वर गेलं आणि माझा बाप जूला लोंबकळला. पाय जमिनीवरून सुटले. तेव्हा जे हसू फुटलं ते मी कुठल्या तमाशातही ऐकलं नाही. आय पुढे सरकली, आम्हालाही ओढलं. गाडी सपाट झाली. बापाचे पाय जमिनीला टेकले.

मग त्याने ओढलं.

मला समोर त्याची पाठ दिसत होती. पाठीवर सदरा चिकटलेला. मानेच्या दोन शिरा. रस्ता खडीचा, पाय अनवाणी. बैलाला निदान नाल असते. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहिली. एक मास्तर होते, धोतर नेसलेले, हातात वर्तमानपत्र. त्यांनी ते चेहऱ्यासमोर धरलं. एका बाईने लेकराला उचलून दाखवलं, "बघ, बघ." सोनीने डोळे घट्ट मिटले होते. आयने मिटले नाहीत. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, जणू सगळ्यांना लक्षात ठेवायचं होतं.

कापडवाल्याच्या दुकानापुढे बाप थांबला. श्वास लागलेला. म्हणाला, "उतरा. लुगडं बघा."

कापडवाला बाहेर येऊन उभा होता. तोही हसून दमला होता. "या, या. काय दाखवू?"

आय म्हणाली, "काय नको. आमी बघितलं सगळं."

आम्ही तसेच परतलो. या वेळी आम्ही तिघीही उतरलो आणि मागून गाडी ढकलत आणली. कुणी अडवलं नाही. खेळ संपला होता. नाक्यावर बैल आम्हाला बघून शेपट्या हलवायला लागले.

सोनीचं लग्न आयच्या जुन्या लुगड्यात झालं. पण गोष्ट तिच्या सासरी तिच्या आधी पोचली होती. कालवणात मीठ जास्त झालं तरी सासू म्हणायची, "बैलाची पोर ती, तिला चव काय कळनार." शाळेत मलाही तेच. पाटीवर कुणीतरी बैल काढून ठेवायचं. मी पुसायची आणि अभ्यास लिहायची. मारामारी केली तर मास्तर मलाच काढणार, हे मला माहीत होतं.

बाप त्या दिवसाबद्दल घरात एक शब्द बोलला नाही. छातीवर जूचा आडवा वळ उठला होता. आयने हळद लावायला हात नेला तर त्याने हात बाजूला केला. गाडी तो चालवत राहिला. पोट कुणाला सुटलंय. पण नाका मात्र त्याने परत ओलांडला नाही. गावाची हद्द दाखवणारा एक दगड होता, नाक्याच्या थोडा अलीकडे. त्या दगडाच्या अलीकडे चिंचेखाली गाडी उभी करायचा. भाजीवाल्या बाया तिथे उतरायच्या आणि टोपल्या डोक्यावर घेऊन चालत बाजारात जायच्या. डोक्यावरच्या टोपलीला पट्टी नव्हती. बाजार उठेपर्यंत बाप चिंचेखाली बसून राहायचा.

मीही मोठी झाले तशी त्या बायांबरोबर जायला लागले. भेंडी, वाल, पावसाळ्यात रानभाजी. आमच्यात ठमाय सगळ्यांत वडील. डोंगरातली वारली बाई. तिचं बोलणं थोडं आणि टोपली सगळ्यांत जड.

माझ्या बापाचं बघून दुसरे गाडीवालेही चिंचेखाली थांबायला लागले. खालच्या खेड्यांतल्या गाड्या, गवताच्या, लाकडाच्या. उतरायचं, वाहून न्यायचं, पण पट्टी द्यायची नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप झालं होतं. मक्तेदाराला ते झोंबलं.

एका बाजारच्या दिवशी नाकेदार दोन शिपाई घेऊन चिंचेखाली आला. तोच नाकेदार. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. म्हणाला, "आजपासून इथे उभ्या राहणाऱ्या गाडीलाही पट्टी. माल तर आतच जातो ना तुमचा?"

त्याने माझ्या बापाला ओळखलं. हसला. "काय रे, बैल अजून आहेत का? की तूच?"

बाप कमरेची पिशवी सोडायला लागला.

त्या पिशवीची गाठ सोडणारी त्याची बोटं मी बघितली. त्यांना गाठ सापडत नव्हती. वयाने नाही. भीतीने. इतक्या वर्षांनी, आपल्याच गाडीजवळ, झाडाखाली उभा राहून माझा बाप भीत होता.

"बा, देऊ नको."

सगळे माझ्याकडे वळले. मीच दचकले. पण बोलले ते बोलले होते.

मी नाकेदाराला विचारलं, "तुमची हद्द कुठं हाय?"

"तो दगड दिसत नाही?"

"दिसतो. मग दगडाच्या पल्याड उभं राहून बोला. हितं आमी उभे हाव."

शिपाई एक पाऊल पुढे आला. नाकेदाराने त्याला थांबवलं. त्याला अजून गंमत वाटत होती. "बाजार आत आहे, बाई. जाशील कुठे?"

"बाजार आमच्या टोपल्यांत हाय."

मी टोपली खाली ठेवली. धुळीत. फडकं काढलं आणि बसले. क्षणभर मी एकटीच बसलेली. मग ठमाय आली, माझ्या शेजारी टोपली टेकवली आणि म्हणाली, "हितं सावली बरी हाय." दुसरी बसली. तिसरी बसली. लाकडाची गाडी घेऊन आलेला एक गाडीवाला खाली उतरला आणि मोळ्या तिथेच उतरवायला लागला.

त्या दिवशी काही विकलं नाही. भाजी सुकली. पुढच्या बाजारालाही जवळजवळ तसंच. बाया घरी बोलणी खात होत्या. एकीच्या नवऱ्याने तिला मारलं आणि ती माझ्या दारात येऊन मला शिव्या देऊन गेली. मी ऐकून घेतलं. तिचं खरं होतं. तिच्या पोरांनी काय खायचं होतं?

पण गावालाही भाजी लागते. लाकडाशिवाय चूल पेटत नाही. आधी गरिबाघरच्या बाया पिशव्या घेऊन दगडाच्या अलीकडे आल्या. मग मोठ्या घरच्या आल्या, टांग्यात बसून. भाजी घेतली, लाकूड घेतलं, टांगे भरले आणि परत निघाल्या. नाक्यावर बांबू आडवा. मक्तेदाराचं नुकसान होत होतं, त्याने नाकेदाराला सांगून ठेवलं होतं, भरून येईल त्या वाहनाची पट्टी घे. मग तो टांगा कुणाचाही असो.

एका वकिलाची बायको टांग्यातून ओरडली, "मी या गावची आहे! माझ्याच घरी जायला पट्टी?"

आम्ही चिंचेखालून बघत होतो. कुणी हसलं नाही. ठमाय एवढंच म्हणाली, "अगो, तिला बी थांबवलं."

आठवड्याभरात गावात बोंब झाली. आमच्या खेड्यांतली माणसं इतकी वर्षं पट्टी भरत होती तेव्हा गाव झोपलेलं होतं. चार टांगे अडले आणि सभा भरली. मक्तेदाराला बोलावून घेतलं.

पुढच्या बाजाराला मक्तेदार स्वतः चिंचेखाली आला. पांढरी टोपी, पांढरे कपडे, तोंडभर हसू. मागे नाकेदार. मक्तेदार माझ्या बापासमोर थांबला आणि म्हणाला, "झालं गेलं सोडा. तुमच्या गाड्यांना आजपासून माफी. पट्टी नाही. या आत, बसा आपल्या जागेवर."

बायांमध्ये कुजबुज झाली. दोघी-तिघी टोपल्या उचलायला लागल्यासुद्धा.

मी म्हटलं, "माफी देता कशाला? माफी मागा."

"कोणाची?"

"ह्यांची." मी बापाकडे हात केला. "तुमच्या मानसानं ह्येंच्या छातीवर जू ठेवलं."

मक्तेदाराने नाकेदाराकडे बघितलं. नाकेदाराने खांदे उडवले. त्याला सगळं आठवत होतं. मक्तेदार हसला. "पोरी, फार बोलतेस. देतोय ते घे." आणि दोघे निघून गेले.

माझ्यावर पहिल्यांदा चिडला तो माझा बाप. घरी आल्यावर. कधी आवाज न चढवणारा माणूस कडाडला, "कोनी सांगितलं तुला ते उकरून काढायला? लोकं इसरली होती. मी इसरलो होतो."

"तू इसरला नायस, बा. तू गप हायस."

त्याने हात उगारला. मारलं नाही. हात तसाच वर राहिला, मग खाली आला. चुलीपाशी आय बसली होती. ती म्हणाली, "तिला बोलू दे. मी बी बसले होते त्या गाडीत."

बाप बाहेर जाऊन बैलांजवळ बसला.

बहुतेक बाया आत गेल्या. माफीने गेल्या. मी त्यांना दोष देत नाही, पोरं उपाशी ठेवून कुणी लढत नाही. टांगे परत न थांबता जायला लागले. खालच्या खेड्यांतून नव्याने येणाऱ्या गाड्यांना मात्र बांबू आडवाच होता. त्यांच्यासाठी माफी नव्हती. त्यांनी कुणाचं काही अडवलं नव्हतं ना.

पुढच्या बाजाराच्या सकाळी मी बापाला म्हटलं, "चल." तो म्हणाला, "आत जायचं असंल तर चल." मी म्हटलं, नाही. त्याने बैल जुंपले नाहीत.

मी टोपली डोक्यावर घेतली आणि पायी निघाले. मान भरून आली, ऊन चढलं. चिंचेखाली ठमाय एकटी बसलेली होती. मी तिच्याजवळ टोपली ठेवली. दगडाच्या अलीकडे.

समोरून नाकेदाराने हात हलवला, "अगं, तुला माफी आहे! ये की!"

मी उठले. दगडापाशी गेले आणि तिथे थांबून, रांगेतल्या सगळ्या गाडीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. पट्टी सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नको. एकट्या मला मिळालेली माफी मी घेत नाही. ज्याने माणसाला जुंपलं, तो त्या माणसापुढे येऊन वाकेपर्यंत मी या वेशीतून आत पाय टाकणार नाही. विकायला नाही, घ्यायला नाही, लग्नाला नाही, मयताला नाही.

नाकेदाराने माझ्यासाठी वर केलेला बांबू खाली केला.

मी परत जागेवर येऊन बसले. ठमायने भेंडी नीट मांडून ठेवली होती. एका गवताच्या गाडीवाल्याने रांगेतून गाडी बाहेर काढली आणि आमच्याकडे वळवली.